शॉर्टवेव्हवरचा सवाल

मला एका जागी बसता येत नाही. माय म्हणायची, "इच्या पायाले भोवरा हाय." पाय दाबून बसवलं तर बोटं चालू व्हायची. परातीवर, पाटीवर, पुढच्या बाकावरच्या पोरीच्या पाठीवर. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या, घरात बोलणी खाल्ली, आणि शेवटी मामांनी ती बोटं कामाला लावली. त्यांच्या गायन पार्टीत मला कोरसला बसवलं आणि हातात खंजिरी दिली.

मामा म्हणजे मायचे सख्खे भाऊ. अनसिंगला आमच्या बौद्धपुऱ्यात दोन घरं सोडून राहायचे. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि एप्रिल लागला की शाहीर व्हायचे. जयंतीपासून वैशाखातल्या पौर्णिमेपर्यंत गावोगावची निमंत्रणं असायची. पेटी, ढोलक, बेंजो, मागे आम्ही चौघं कोरसला आणि पुढे मामा. माईक बंद पडला तरी आमचा कार्यक्रम थांबत नसे. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकलेल्या माणसालाही मामांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. मला त्यांचा फार अभिमान होता, आणि तो मी चारचौघींत दाखवायचेही.

आमच्याकडे खरी परीक्षा मुकाबल्याची. एका स्टेजवर दोन पार्ट्या बसायच्या. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर वाईट असलं तरी चालेल, पण सवाल तसाच ठेवून उठायचं नाही. उठली ती पार्टी हरली. नुसती हरली नाही, तर त्या गावात तिचं नावच "उत्तर न देता उठलेले" असं पडायचं. पुढे त्या घरात सोयरीक करायची तरी लोक त्यावरून टोमणा मारायचे. मामा एकदाही तसे उठले नव्हते.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हाची गोष्ट. एका पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर मामांचा आवाज बसला तो उठलाच नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मंगरूळच्या दर्ग्यावरही माय जाऊन आली. तिला म्हटलं, आपण तर बौद्ध. तर म्हणाली, "गळा काय धरम इचारून बसते काय?" शेवटी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घशातली गाठ काढली. डॉक्टरांनी सांगितलं, बोलता येईल, गाता येणार नाही.

मामा बोलायचे, पण जात्यात खडा अडकावा तसा आवाज. सूर धरायला गेले की दुसऱ्या स्वरावर तो निसटायचा. मग ते धरायला जायचेच बंद झाले. पुढच्या एप्रिलची निमंत्रणं आली तशी परत पाठवली. ढोलकवाला दुसऱ्या पार्टीकडे चौकशी करू लागला. मामा अंगणात फेऱ्या मारायचे, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दिवसभर. माझं डी.एड. झालेलं, नोकरीची ऑर्डर आलेली नव्हती, त्यामुळे मीही आमच्या अंगणात तेच करत होते. दोन घरं सोडून दोन माणसं येरझाऱ्या घालतायत, हे बघून माय कपाळाला हात लावायची.

मला एकच गोष्ट हवी होती. मामा पुन्हा स्टेजवर, पुढे उभे राहिलेले हवे होते. बाकी नोकरी, लग्न, काय व्हायचं ते होवो.

वडील पोस्टमन. त्यांच्याकडे तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता आणि तेव्हा रेडिओला लागायचं ते लायसनचं पुस्तक ते स्वतःच्याच पोस्टात वेळेवर शिक्का मारून आणत. बातम्या ऐकल्या की रेडिओ माझा. एरियल म्हणून मी तांब्याची तार लिंबाच्या फांदीला बांधली होती. मिडियम वेव्हवरची गाणी पाठ झाल्यावर मी काटा शॉर्टवेव्हवर फिरवत बसायचे. खरखर, शिट्ट्या, न कळणाऱ्या भाषा. मला ती खरखरही आवडायची, कारण निदान ती थांबून राहत नव्हती.

असंच एका शनिवारी संध्याकाळी एक बाहेरदेशीचं स्टेशन सापडलं. इंग्रजीतला अर्ध्या तासाचा कार्यक्रम. निवेदक सर्दी झाल्यासारखा बोलायचा. कार्यक्रम नव्या गायकांचा होता, ज्यांना अजून त्यांच्या गावाबाहेर कुणी ओळखत नाही अशांचा, आणि देश कुठलाही. एका शनिवारी आफ्रिकेतले गिटारवाले, एका शनिवारी कुठल्या तरी बर्फाळ देशातली बाई. माझं इंग्रजी डी.एड.पुरतं. अर्धं कळायचं, अर्धं मी लावून घ्यायचे.

आणि मग एका शनिवारी एक माणूस आला, जो गातच नव्हता. तो बोलत होता. दुसऱ्या कुणाचं गाणं मागे चाललेलं, आणि त्यातल्या रिकाम्या जागांत हा ठेक्यावर बोलत होता. चिडवत होता, हिणवत होता, मध्येच हसत होता. निवेदक म्हणाला, हा वेस्ट इंडीजकडच्या एका बेटावरचा. मी पीठ मळत होते. तसेच पिठाचे हात घेऊन रेडिओपाशी येऊन बसले. त्याचा आवाज मुळीच चांगला नव्हता. घोगरा, फाटका. आणि तरी लोक त्याच्या नावाने ओरडत होते.

मी पिठाच्या हातांनीच मामांकडे पळाले. "मामा, तिकडं मानूस गात नाई, नुसता बोलते! ठेक्यावर! त्याचा आवाज तं तुमच्याहून खराब हाय!"

मामा खाटेवरून उठले नाहीत. "मंग ते गानं नोहे. ते भांडन हाय."

"मंग भांडा ना तुमी!"

"जाय, भाकरी कर," मामा म्हणाले.

पण मला आता चैन पडेना. पुढचे कितीतरी महिने मी शनिवारची वाट बघण्यात घालवले. मी एक वही केली. नावं कळायची नाहीत, कळली तरी लिहिता यायची नाहीत, म्हणून आमच्या गावात ठेवतात तशी मी त्यांना नावं ठेवली. बेटावरचा तो खोकल्या, कारण प्रत्येक कडव्याआधी घसा साफ करायचा. लंडनकडचा एक होता त्याला मी कंडक्टर म्हणायचे, कारण तो लोकांना सारखा मागे सरका, पुढे सरका असं काहीसं ओरडत असायचा. अमेरिकेतल्या काळ्या वस्तीतली एक पोरगी होती, जेमतेम माझ्याच वयाची असेल. ती नळावर हंडा मागे सारणारीशी भांडावं तशी बोलायची. तिचं नाव आत्याबाई. आत्याबाईचा आवाज लागला की मी दुसऱ्या कुणाला रेडिओजवळ फिरकू देत नसे. कुणाला उशिरा ऐकलं, कुणाचा आवाज मध्येच बुडाला, कुणी दुसऱ्यांदा आला, सगळं त्या वहीत. आज नातवंडं त्याला हिप-हॉप म्हणतात आणि मोबाइलवर बोट फिरवून जगभरातलं कुणीही शोधून काढतात. मला एका माणसाचे तीन मिनिटांचे शब्द मिळवायला लिंबावर चढावं लागायचं.

एका शनिवारी वीज कडाडत होती म्हणून वडिलांनी तार काढून ठेवली. मी इतका थयथयाट केला की शेवटी तेच म्हणाले, "रेडिओ खाऊन टाक एकदाचा." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वाईट स्वभाव होता माझा, अजूनही आहे.

मग ती टेप लागली. निवेदकाने सांगितलं की ही रेकॉर्ड नाही, अमेरिकेतल्या एका शहरात बागेत जमलेल्या पोरांचं कुणीतरी टेप केलेलं आहे. दोन पोरं होती. एक बोलायचा, मग दुसरा. पहिला बोलला की त्याची माणसं ओरडायची, दुसरा बोलला की त्याची. मी जागेवरून उठलेच. हा तर मुकाबला! आमचाच मुकाबला, सातासमुद्रापार! आणि शेवटी त्यातल्या एकाने सवाल टाकला. इंग्रजी सोपं होतं, मला स्वच्छ कळलं. वाजणं थांबलं तर तू काय करशील? लोक ओरडले, आणि तेवढ्यात निवेदकाची वेळ संपली.

आठवडाभर मी त्या उत्तराची वाट पाहिली. स्वतः दहा उत्तरं करून पाहिली, एकही पसंत पडलं नाही. पुढचा शनिवार आला, तर कुठल्या डोंगरातले पाव्यावाले. त्याच्या पुढच्या शनिवारी एक म्हातारा जाडसर आवाजात रडत होता. उत्तराचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. सवाल टाकला, आणि समोरचा उत्तर न देता उठून गेला? आणि तिथल्या लोकांनी जाऊ दिलं?

मी डिक्शनरी घेऊन बसले आणि स्टेशनला पत्र लिहिलं. उत्तर कुणी दिलं ते कळवा. आमच्याकडे सवाल स्टेजवर पडू देत नाहीत. तुमच्याकडे कुणी देणारं नसेल, तर माझे मामा शाहीर आहेत, ते देतील. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, पण खोडलं नाही.

वडिलांनी एरोग्राम हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बाह्येरदेशी? कायले व?"

"एका मानसाले जाब इचाराचा हाय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या पत्रात काय आहे हे विचारायचं नाही, ही त्यांची शिस्त घरालाही लागू होती.

दोनेक महिने गेले. त्या शनिवारी मामा आमच्याकडे चहाला आलेले, वडील अंगणात सायकल पुसत होते. आणि निवेदकाने आमच्या गावाचं नाव घेतलं. असं वाकडंतिकडं घेतलं की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण गावाचं नाव माणसाला कसंही कळतं. वडिलांचा फडका हातातच राहिला. मामांनी कप खाली ठेवला. "आपलं नाव घेतलं काय त्यानं?"

निवेदक माझं पत्र वाचत होता. पूर्ण वाचलं. मग हसला, चांगल्या मनाने हसला, आणि म्हणाला की ती पोरं काही विचारत नव्हती. आपलीच बढाई मारायची ही त्यांची रीत आहे, तिथे कुणी कुणाला उत्तर देत नाही. पण या मामांचं उत्तर आम्हाला ऐकायला आवडेल, आम्ही वाट बघतो.

मला ते मामांना सांगावंच लागलं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"माह्या नावानं तू जबान देली?"

"व्हय."

"मले न इचारता?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

"मंग नाईच म्हटलं असतं!" ते ओरडायला गेले आणि आवाज मध्येच फाटला. स्वतःचाच आवाज ऐकला तसे ते उठले. चहा तसाच टाकून निघून गेले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तोवर पुऱ्यात सगळीकडे झालं होतं की रेडिओवर अनसिंगचं नाव आलं, शाहिराला परदेशातून सवाल आला. विहारात लोक मामांना विचारू लागले. मी ज्याला सवाल समजले तो सवालच नव्हता, आणि एका आजारी माणसाला मी त्यात अडकवून ठेवलं होतं. शेवटी नवव्या दिवशी मी गेले आणि म्हटलं, "मामा, माफ करा. तिकडं कोनी काई इचारलंच नोतं. माहीच चूक झाली."

मामा फेऱ्या मारता मारता थांबले. "तिकडं नसन इचारलं," ते म्हणाले. "इकडं तं सवाल आला ना."

आणि पुन्हा चालू लागले.

"वाजनं थांबलं तं काय करशीन," ते स्वतःशीच म्हणाले. "हे मले अकोल्याच्या डाक्तरानंबी नाई इचारलं."

त्या एप्रिलमध्ये त्यांनी मंगरूळपीरचं निमंत्रण परत पाठवलं नाही. केनवडच्या पार्टीशी मुकाबला होता. मी आनंदाने वेडी व्हायची राहिले. रोज खंजिरी घेऊन त्यांच्या अंगणात जायचे. मी नुसता ठेका धरायचा आणि ते चालता चालता पुटपुटायचे. खोकल्या कसा दम घेतो, कंडक्टर शब्द कुठे तोडतो, आत्याबाई लोकांना कशी डिवचते, हे मी त्यांना करून दाखवायचे. ते मान हलवायचे, मग आपल्याच पद्धतीने करायचे. उत्तर मात्र त्यांनी मला ऐकवलं नाही. "स्टेजवर आयक," म्हणाले.

रात्री वीज जाते म्हणून मुकाबला दुपारीच ठेवला होता. मंडपात गर्दी मावत नव्हती. केनवडचा शाहीर तरुण, आवाज रेशमासारखा. पहिला अर्धा मुकाबला त्याने मारून नेला. आमचा पेटीवाला कसंबसं गाऊन वेळ भागवत होता. मग मामा उठले. गळ्यावरचा व्रण पुढच्या रांगांना दिसत होता. कुजबुज झाली आणि थांबली. मामांनी सांगितलं की आपल्यावर एक जुना सवाल बाकी आहे, आधी तो फेडतो. हाताने पेटी थांबवली, ढोलक थांबवलं. माझ्याकडे बघून फक्त खंजिरीचा ठेका मागितला. आणि बोलू लागले.

"दुनिया पुसते, वाजनं थांबलं तं काय करशीन गड्या?
पेटी मिटली, ढोलक निजलं, गळ्याले पडल्या बेड्या.
बेडी गान्याले पडली माह्या, बोलन्याले नाई,
आयकनारं कोनी बसलं तं शाहीर थांबत नाई!"

मंडप उठला. मी सांगते, त्या गर्जनेने कापडाचं छत हललं असेल. आमच्यात शाहिराची शेवटची ओळ कोरस उचलतो आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. आम्ही उचलली. शाहीर थांबत नाई! मामांनी पाचव्या ओळीसाठी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

आम्ही पुन्हा म्हटलं, शाहीर थांबत नाई. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. आम्ही ओरडून सांगत होतो की शाहीर थांबत नाही, आणि शाहीर आमच्या पुढे गळ्याला हात लावून मुका उभा होता. मागे कुणीतरी फिदकन हसलं. आयुष्यात मला इतकी लाज आणि इतका राग एकदम कधी आला नाही. हे मीच केलं होतं.

कोरसने शाहिराच्या शब्दाबाहेर एक शब्द घालायचा नाही, हा आमच्याकडचा कायदाच. पंचांनी पुढे त्याच मुद्द्यावर केनवडला जिंकवलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या क्षणी मी उठून पुढे गेले आणि ठेका न तोडता बोलले.

"थांबला नाई हो शाहीर आमचा, दम खाऊन राह्यला,
जरासा टेकला, म्हनून काय तो हरला तुमी पाह्यला?"

आणि मी जागा सोडली. पुढची ओळ त्यांची. खंजिरी वाजवत मी त्यांच्याकडे बघत होते, या, मामा, धरा. मामांनी टाळी धरली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "हरला तुमी पाह्यला?" तेवढ्या तीन शब्दांना तो आवाज पुरला.

माझीच ओळ त्यांनी मला परत दिली होती. मला वाटलं, त्यांना अजून वेळ हवाय. मी आणखी दोन ओळी केल्या, कशा केल्या मला ठाऊक नाही, आत्याबाईसारखं केनवडवाल्यांना डिवचलं, लोक हसले, मी पुन्हा जागा सोडली. मामांनी पुन्हा माझे शेवटचे शब्द उचलले. आणि एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक. बाकीच्या कोरसच्या ओळीत जाऊन उभे राहिले.

तेव्हा मला कळलं की ते परत पुढे येणार नाहीत. मी त्यांना येण्यासाठी जागा ठेवत होते आणि त्यांनी त्या जागेत माझ्या मागे उभं राहायचं ठरवलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं पोरगी भारावली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रागाने रडत होते. मला हे नको होतं. मी बोलत होते आणि मान वळवून वळवून मागे बघत होते, आणि दर वेळी मामा तिथेच, टाळी धरून, लय सोडायला तयार नाहीत.

एका ओळीच्या शेवटी ते माझ्या कानाशी वाकले.

"माह्याकडं नको पाहू व," मामा म्हणाले. "लोकाईकडं पाह्य."

मी तोंड पुसलं, लोकांकडे पाहिलं आणि पुढची ओळ सांगितली.